उणे सत्तर

विहिरीची पाणीपातळी जमिनीपासून खाली मोजतात. आकडा वाढला, की पाणी खाली गेलं. गावोगाव हे समजावताना सुहासच्या तोंडाला फेस यायचा. पाणी मोजायच्या नोकरीत निम्मा वेळ त्यातच जायचा.

मेच्या भर दुपारी तो खर्ड्याजवळच्या वस्तीवर पोचला. विहिरीच्या तळाशी भेगाळलेला गाळ आणि एक रिकामी बाटली स्वच्छ दिसत होती. 'कोरडी' असं लिहून मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं. पण घरातून विहिरीची मालकीण रतनबाई येऊन उभी राहिली, म्हणून त्यानं रीतसर टेप सोडला. टोकाचं शिशाचं वजन पाण्याला टेकलं की 'डुब' वाजतं. तेव्हा आकडा वाचायचा.

वजन काठाखाली वीतभर उतरलं असेल.

डुब.

त्यानं टेप वर ओढला. वजन निथळत होतं. खाली गाळ तसाच कोरडा.

"पातळी वाढली का, सायेब?"

"न... नाही, मावशी."

"मागल्या मे महिन्यात तुमचा दुसरा मानूस आल्ता. मोजलं आन् न बोलता पळालाच. तिसऱ्या दिशी आमचं मालक आप्पासायेब गेलं. डाक्टर म्हनला, बुडून गेलेत. खाटंवर कोन बुडतं व्हय?"

त्या मेचा आकडा सुहासनंच सावेडीतल्या कचेरीत बसून सुधारला होता. सहकाऱ्यानं लिहिलं होतं, उणे सत्तर सेंटिमीटर. उणे म्हणजे पाणी जमिनीच्या वर. "दुष्काळी पट्ट्यात? डोकं फिरलंय याचं," म्हणत त्यानं हसत हसत उणेची रेघ खोडली होती.

सत्तर सेंटिमीटर. खाट बुडेल एवढं.

त्यानं पुन्हा वजन सोडलं. या वेळी ते काठाशीच वाजलं.

"मावशी, आत्ताच्या आत्ता गाडीवर बसा. इथं थांबायचं नाही."

त्याचा चेहरा पाहून ती लगेच वळली. "ह्यांचा फोटू तेवढा घिते," म्हणत ती आत गेली.

तो गाडी सुरू करून तिची वाट पाहत थांबला. ती येईना, तेव्हा बंद केली.

"मावशी!"

दार उघडंच होतं. आत सारवलेली जमीन, कोरडी ठाक. रतनबाई खाटेवर आडवी झाली होती. छातीशी फोटो. पंखा बंद होता, तरी तिचा पदर वर उचलला जाऊन संथपणे हलत होता.

सुहासचा पाय उंबऱ्याबाहेरच थिजला. त्यानं फक्त हात आत धरला, छातीच्या उंचीवर, आणि वजन सोडलं.

डुब.