रांगेत शेवटची

लाइट काही एवढ्यात येत न्हाई. बसा. कंदिलाची वात जरा खाली करते, रॉकेल पुरलं पाहिजे. तुम्ही मघाशी हसत विचारलंत ना, तारामतीबाई, त्या वयात सायकल कशाला शिकलात म्हणून? सांगते. फक्त गावाचं नाव घेणार न्हाई, उगं आमच्या पोरींच्या सोयरिकी मोडायच्या. औसा रोडवर, लातूरपासून नऊ किलोमीटर, एवढं पुरे.

बेचाळिसाव्या वर्षी शिकले. पहिल्या दिवशी उकिरड्यात पडले, दुसऱ्या दिवशी बाभळीत, तिसऱ्या दिवशी आमच्या मालकांवर. शेषेराव बिचारे मागून सीट धरून पळायचे.

"तारामती, ब्रेक सोड!"

"सोडला तर थांबणार कशी?"

"अगं, आधी निघ तर खरी!"

फाट्यावर वैजनाथचं हॉटेल. तो चहा गाळता गाळता ओरडायचा, "काकू, डॉक्टर व्हायचं का इंजिनेर?" मी म्हणायची, "डॉक्टरच होते. पहिली सुई तुलाच."

शिकायला कारण माझी तनुजा. बारावीला होती. भूकंपाला तीन वर्षं झाली होती आणि सगळ्या दुनियेला लातूरला येऊन शिकायचं होतं. पार किनवटची पोरं इथं खोल्या करून राहायची. आम्ही इतक्या जवळ, खोली कशाला करायची? म्हणून गावातल्या सहा पोरी सायकलनं जायच्या. सातचा क्लास. पावणेसहाला निघायच्या, अजून नीट फटफटलेलं बी नसायचं.

रस्ता एकेरी, एकच गाडी मावेल एवढा. डांबराची कड वीतभर उंच, खाली काळी माती, तिच्या पलीकडं नाला. आणि त्या वर्षी ट्रक किती! किल्लारीकडं नवी गावं बांधायला दगड, वाळू, सिमेंट घेऊन जायचे. भरलेला ट्रक निदान धापा टाकत जातो. परतीचा रिकामा जास्त वाईट, दिवसाच्या खेपा पुऱ्या करायच्या म्हणून सुसाट. सकाळी पोरींच्या मागून यायचे ते हे रिकामे. आमच्या घरावरून गेला तरी पत्रे थरथरायचे. भूकंप झाला म्हणून मी दोनदा पोळपाट घेऊन अंगणात पळालेय, हसू नका.

पोरींनी एक शिस्त घातली होती. एकामागं एक चालायचं. शेवटचीनं कान मागं ठेवायचा. ट्रकचा आवाज आला की तिनं "गाडी!" म्हणून ओरडायचं, आणि सगळ्यांनी खाली मातीत उतरायचं. शेवटी असायची शिवगंगा, धुरपताबाईची पोरगी. आवाज खणखणीत. तिनं आईला हाक मारली की अर्धं गाव ओ द्यायचं.

ऑगस्टात एका सकाळी ती अशीच ओरडली. पाचजणी उतरल्या. सगळ्यात शेवटी ती उतरत होती, तेवढ्यात तिच्या दप्तराचा पट्टा ट्रकच्या फाळक्याच्या कडीत अडकला. ट्रक थांबला न्हाई. पुढचं सांगत न्हाई.

पंधरा दिवसांनी पोरी पुन्हा निघाल्या. पण शेवटी कोण राहणार? कुणीच तयार होईना. मग त्या पाचीजणी एका आडव्या ओळीत चालायला लागल्या, कुणी पुढं न्हाई, कुणी मागं न्हाई. एक दिवस मी एसटीतून लातूरला जात होते, तेव्हा बघितलं. अख्खा रस्ता अडवून पाच पोरी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या देतोय, आणि त्यांच्यात रस्त्याच्या पार मधोमध माझी तनुजा.

घरी शेषेराव म्हणाले, "बंद करू क्लास. उन्हाळ्यात लगीन लावून उजवून टाकू."

तनुजा उठली. नुसती पुस्तकं गोळा करून फळीवर ठेवायला लागली. मला ते बघवेना. मीच म्हणाले, "मी राहते शेवटची."

"तुला सायकल येते?"

"शिकते की. पण पोरगी जाणार."

"बरं. पण एक जरी पडली ना तारामती, त्या दिवशी क्लास बंद."

म्हणून मी शेवटची. तशी बी मला कुणाच्या पुढं जाता येत नव्हतंच.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. एक दिवस ज्वारीच्या रानांमधून चाललो होतो. मागं कुणी न्हाई. रस्ता सुनसान. माझ्या कानांवर मफलर, आणि त्याच्यावर डोक्यावरून पदर. गाठोडंच म्हणा. तेवढ्यात मागून, अगदी हातभर अंतरावरून, कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू… गाडी."

मी जीव खाऊन ओरडले, "गाडी!"

पोरी उतरल्या. उभ्या राहिल्या. ट्रक न्हाई, काही न्हाई. नुसतं वारं.

"काकू, मफलरात ट्रक शिरला का?" तनुजाची मैत्रीण मुग्धा म्हणाली. सगळ्या खिदळल्या. मी बी हसले. हसतच होते, तेव्हा लांबून घरघर आली. बऱ्याच वेळानं ट्रक आला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बी. दरवेळी ट्रकच्या आवाजाच्या किती तरी आधी. आणि मागं बारीक टिकटिक, पायडल न मारता सायकल सोडली की होते ना, तशी. मी थांबले की ती बी थांबायची. आवाज कुणाचा, ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. फक्त तो खणखणीत राहिला नव्हता. घसा बसल्यासारखा झाला होता.

भ्याले का? लई भ्याले. दात वाजायचे, पोरींना सांगायची, थंडी हाय. पण कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर शेषेरावांनी त्याच दिवशी क्लास बंद केला असता. आणि खरं सांगू, वळून बघायची हिंमत बी झाली न्हाई. वळले असते तर सायकलसकट पडले असते, ते वेगळंच.

डिसेंबरात एक दिवस धुई पडली. अशी, की पुढच्या मुग्धाचं मागचं चाक दिसेना. ओल्या मातीचा वास, आणि त्यात कुठूनसा डिझेलचा. सगळं गप्प. फक्त सहा सायकलींची करकर… आणि माझ्या मागं सातवी.

"काकू…"

"काय गं?" पहिल्यांदाच मी तिला ओ दिली.

"दोन हायेत… शेजारी शेजारी… मातीत उभ्या राहू नका."

मी ओरडले, "गाडी! मातीत न्हाई, नाल्यात! सायकली टाका, नाल्यात उतरा!"

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पोरी हसल्या न्हाईत. धपाधप उतरल्या. मी तर घसरतच गेले, लुगड्यासकट चिखलात. तनुजाचा हात मी घट्ट धरला होता. मग ते आले. दोन रिकामे ट्रक, एकमेकाला मागं टाकत, दिवे न लावता. एक डांबरावर, दुसऱ्याची चाकं खाली मातीवर. रोज आम्ही उभ्या राहायचो, बरोबर तिथून. मुग्धाच्या सायकलीचा पापड झाला.

आवाज लांब गेल्यावर बी कुणी उठेना. तनुजा म्हणाली, "आई… तुला कसं कळलं?"

"म्हातारीचे कान," मी म्हणाले. "चला, पुढं व्हा. सायकली हातात धरून चाला. मी आलेच."

पोरी धुईत गेल्या. मी चढून डांबरावर आले आणि एकदम मनात आलं, आम्ही सगळ्या खाली उतरतो. ही कुठं उतरते? हिच्या मागं हिला सांगायला कोण हाय? रोज ही आम्हाला सांगते आणि स्वतः रस्त्यावर राहते. गेली तेव्हा राहिली, तशीच.

मी वळले न्हाई. समोर बघूनच म्हणाले, "शिवगंगे… लेकरा, तू हो पुढं. आता मी राहते तुझ्या मागं."

टिकटिक थांबली.

"खरंच… जाऊ, काकू?"

"जा. मी हाय ना."

माझ्या उजव्या हाताला गार वारा लागला. खोबरेल तेलाचा वास आला, दोन वेण्या घालून नुकतं तेल चोपडल्यावर येतो तसा. टिकटिक माझ्याजवळून पुढं गेली, धुईत शिरली आणि पोरींच्या पायांचा आवाज येत होता, त्याच्या बी पलीकडं जाऊन विरली. मला रडू आलं. पदरानं तोंड पुसलं, सायकलवर बसले. चार पायडल मारले असतील. पाठ हलकी वाटत होती. आता मागं कुणी न्हाई.

"वैनी… गाडी."

पुरुषाचा आवाज. मऊ, आदबशीर. त्याच्याबरोबर दुधाच्या किटल्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज.

मी ब्रेक दाबला. आणि त्या शांततेत मला त्याच्या मागचं ऐकू आलं. लांब, पार औशाकडून, बारीक आवाजात कुणीतरी म्हणत होतं, "गाडी…" मग जरा अलीकडं दुसरा, "गाडी…" मग एक बाई. मग अजून एक. विहिरीवरून घागर हातोहात पुढं देतात ना, तसा तो शब्द एकाकडून दुसऱ्याकडं येत होता. शिवगंगेला आधी कसं कळायचं, ते मला तेव्हा कळलं. तिला मागचा सांगत होता. त्याला त्याच्या मागचा.

मी ओरडून पोरींना उतरवलं. ट्रक गेला. सायकल धरून मी उभी राहिले, तर तो मागचा म्हणाला, "वैनी… मला बी जाऊ द्या की पुढं. लई दिवस झाले."

न्हाई कसं म्हणणार?

तेव्हापासून रोज उशीर व्हायला लागला. पोरी कटकट करायच्या, "काकू, रोज तुमचीच चेन कशी पडते?" सर ओरडायचे. मी रोज रस्त्याच्या कडेला थांबायची, एकाला पुढं जाऊ द्यायची. कधी किटल्या वाजायच्या, कधी बांगड्या, कधी नुसता खोकला. पोरींच्या रांगेत त्यातलं कुणी थांबत न्हाई, एवढं मात्र मी नीट ऐकून घ्यायची. आमची एकही पोर पडली न्हाई. पुस्तकं पुन्हा फळीवर गेली न्हाईत.

फेब्रुवारीत क्लासचा शेवटचा दिवस. त्या सकाळी एक म्हातारा होता, श्वास लागलेला. त्याला वाट देताना मी म्हणाले, "बाबा, उद्यापासून मी येणार न्हाई. तुमच्या मागं अजून कितीजण हायेत?"

तो माझ्या बाजूला आला आणि थांबला. मागं वळून बघत असावा.

"मागं व्हय…" तो म्हणाला. "बाई, मागं तर अजून नवे येतच हायेत."