हिरवा ठिपका

माझी बादली पळाली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तळाला काच बसवलेली बादली. आमच्या फोर्मेन्तेरा बेटावरचे कोळी ती पाण्यावर टेकवतात, आत डोकं घालतात आणि समुद्राचा तळ न्याहाळतात. माझ्या हातून ती निसटली आणि निघाली वाऱ्याबरोबर डुलत. मी वल्ही मारतेय, ती आपली पुढे पुढे... तेवढ्यात शेजारच्या लाकडी नौकेवरून कुणीतरी लांब आकडीनं तिला अलगद उचललं.

"बादली तुमची का, बाई?"

"माझीच."

"मग जरा वळण लावा हिला. कुणाच्याही मागे जाते!"

हसला तेव्हा त्याच्या गालावर वाळलेलं मीठ चमकलं. नाव तोमेउ. पाहुण्यांना या खाडीत आणायचं, पोहवायचं, वाळवलेला मासा घातलेलं सॅलड खिलवायचं, हा त्याचा धंदा. आजोबांपासून त्यांचा नांगर इथेच पडायचा.

मी काय करते ते ऐकलं आणि त्याचं हसू मावळलं.

"म्हणजे उपग्रहाच्या फोटोंवरून समुद्री गवताचा नकाशा करणारी ती लिदा तूच? माझ्या नांगराच्या जागी हिरवा ठिपका दिलास तू!"

गवतावर नांगर टाकायला बंदी. ठिपका कायम राहिला, तर त्याला बेट सोडून मोठ्या शहरात फेरीबोटीवर नोकरी धरावी लागणार होती.

"तिथं गवत नाहीच मुळी. वादळात तुटलेली मेलेली पानं साठलीत खड्ड्यात."

असूही शकतं. आकाशातून दोन्ही सारखीच काळपट दिसतात. म्हणून तर मी बादली घेऊन फिरत होते.

तो माझ्या होडीत उतरला. बादली एक, डोकी दोन. ठाणकन आपटली.

"टणक आहेस," तो कपाळ चोळत म्हणाला.

खाली सगळं नुसतं हलत होतं, काही कळेना. आणि खरं सांगू? तो इतका जवळ होता, की खाली मेलेली पानंच असू देत, असं मी मनात घोकत होते. नकाशा करणारीनं असं घोकू नये. पण घोकलं.

"उडी मार," मी म्हटलं. "हातानं बघून ये. तू सांगशील ते लिहीन."

"एवढा विश्वास?"

"बादली परत दिलीस ना..."

तो पाण्यात गेला. मी होडीची कड घट्ट धरून बसले. वर आला तो धापा टाकत, हात रिकामे.

"पानं मिळाली नाहीत?"

"मिळाली. ओढली..." तो माझ्याकडे बघेना. "मुळं धरून बसलीत गं. जिवंत आहेत. उपटवेना."

"तोमेउ —"

"राहू दे तुझा ठिपका हिरवा."

माझे डोळे भरून आले. एका खोट्या शब्दानं त्याचं बेट सोडणं टळलं असतं, आणि मी तो शब्द मुकाट्यानं लिहिला असता. मी उपग्रहाचा फोटो मांडीवर पसरला.

"हे बघ. कड्यापलीकडची ही पांढरी पट्टी. नुसती वाळू आहे. तुझा नांगर मावेल."

"तिथं वारा झोंबतो. पाहुणे कुरकुरतील."

"कुरकुरू देत. तू जाऊ नकोस."

तो हळूच म्हणाला, "हे नकाशावाली सांगतेय, की लिदा?"

"लिदा."

संध्याकाळी आम्ही त्याची नौका पट्टीवर नेली. त्यानं नांगर सोडला.

"वाळूतच पडला ना? बघ गं."

मी बादलीत डोकं घातलं, मागोमाग त्यानंही. या वेळी डोकी आपटली नाहीत. त्याचा खारट गाल माझ्या गालाला टेकला आणि तिथेच राहिला.

"नीट बघ," तो पुटपुटला. "घाई नाही."

पांढऱ्या वाळूत पडलेला नांगर मला लगेच दिसला होता. मी बराच वेळ त्याला सांगितलंच नाही.