राजारामचा अंगठा

तेराव्याची भांडी अजून गॅलरीत पालथी वाळत होती, तेवढ्यात रघु येऊन दारात बसला.

बसला म्हणजे पार उंबऱ्याला पाठ लावून, पाय पसरून. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याला ओलांडून जावं लागे, आणि ओलांडणारा प्रत्येक जण आत डोकावून जाई. रघुचा धंदाच तो होता. शामराव सावकाराचा तो वसुलीवाला. लालबागेत रघु कुणाच्या दारात बसला की त्या घराची अब्रू दिवेलागणीपर्यंत तीन मजले खाली उतरते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कौसल्येला मात्र काहीच वाटलं नाही. तेरा दिवसांत तिला कशाचंच काही वाटलं नव्हतं. नवरा राजाराम न्यूमोनियाने गेला, त्याला नेलं, तिच्या बांगड्या फोडल्या, लोक रडले. ती आपली बघत बसली होती. शेजारची राधाबाई म्हणालीसुद्धा, "रड गो बाय, नायतर छातीत बसात." पण रडू काय मागून येतं?

रघुने पिशवीतून दोन कागद काढले, आणि खिशातून शाईच्या पॅडची डबी.

"राजारामने गेल्या दिवाळीत शेठकडून चारशे घेतले. हा बघा अंगठा. व्याजासकट सहाशेच्या वर गेलेत. गिरणीतून फंडाचे पैसे येतील ना, ते शेठना देते असं लिहिलंय या दुसऱ्या कागदावर. इथे अंगठा द्या, सुटलात."

"मला सही येते," कौसल्या म्हणाली. "त्यांनाही येत होती. रात्रीच्या वर्गात शिकले होते."

"घाईत दिला असेल अंगठा. आणि काय हो, पुरुष सगळं बायकोला सांगून करतो होय? चारशे रुपये कुठे गेले ते त्यालाच ठाऊक. लपवण्यासारखं असल्याशिवाय कुणी लपवतो का?"

एवढं एकच वाक्य तिच्या आत गेलं. राजाराम दर महिन्याच्या दहा तारखेला पगाराचं पाकीट न फोडता तिच्यापुढे ठेवायचा. अकरा वर्षं. आणि ते सगळं खोटं होतं?

धाकटा दीर शिवा कोपऱ्यात बसला होता. रे रोडला लाकडाच्या वखारीत तो हमाली करायचा. मान वर न करता तो म्हणाला, "वहिनी, देऊन टाका. दादाचं नाव तरी राहील."

"विचार करून सांगते," कौसल्या म्हणाली. रघु संध्याकाळपर्यंत हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर झाला.

मग ती त्याला ओलांडून जिना उतरली आणि थेट भोईवाड्याला गेली.

कोर्टाच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं हातभर अक्षरांत रंगवलं होतं. त्याच भिंतीला टेकून कुशाबा बसत. पत्र्याची ट्रंक हेच त्यांचं टेबल. वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून-लिहून त्यांना अर्ध्या वकिलांपेक्षा जास्त कायदा येत होता, आणि ते वकिलांना हे अधूनमधून ऐकवतही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून अंगठा देणाऱ्या माणसाला सही शिकवल्याशिवाय ते उठू देत नसत.

त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, पहिलं हे ऐका. वसुलीवाल्याला दारात ठाण मांडायचा, मागे फिरायचा, धमकवायचा हक्क नाही. सावकाराकडे परवाना असला तरी नाही. तो गुन्हा आहे. दुसरं, गिरणीच्या फंडाला कोर्टाचीही जप्ती लागत नाही. कर्ज खरं असलं तरी नाही. ते पैसे तुमचे. तिसरं, त्या दुसऱ्या कागदावर सही करायची नाही. आता घरी जा आणि स्वस्थ झोपा."

कौसल्या उठली नाही.

"द्यायचे की नाही ते राहू दे, कुशाबा. त्यांनी घेतले होते का, एवढं शोधून द्याल?"

कुशाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. असलं काम त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मग विचारतो त्याची नीट उत्तरं द्या. राजाराम गेले कधी?"

"सकाळी सातला."

"नेलं कधी?"

"तीनला. दिरासाठी थांबलो होतो. त्यांना निरोप नऊला पोचला. ते आले दोनला."

"मयताजवळ कोण कोण होतं?"

"दत्ताराम भावोजी सकाळपासून. आमचे गाववाले. पायाचे आणि हाताचे अंगठे त्यांनीच बांधले. बाराला रघु हार घेऊन आला. तोही थांबला."

"तुम्ही हलला नाहीत?"

"दोनच्या पुढे राधाबाईंनी नळावर नेलं, आंघोळीला. तेवढा वेळ सगळे पुरुष होते. गॅलरीत तिरडी बांधणं चाललं होतं, त्यामुळे आत-बाहेर, आत-बाहेर."

"परत आलात तेव्हा काही वेगळं दिसलं?"

तिला आठवायला कष्ट पडले नाहीत. त्या दिवसाचं सगळं तिच्यापाशी तसंच पडून होतं.

"उशाशी लावलेला दिवा विझला होता. राधाबाई सगळ्यांवर ओरडल्या. पुन्हा लावला. आणि त्यांचे अंगठे काळे दिसत होते. आजारानं असेल म्हणून मी बोलले नाही."

कुशाबांचा टाक थांबला. "एक की दोन्ही?"

"दोन्ही."

"आंघोळीला जायच्या आधी?"

"तेव्हा नव्हते. सकाळपासून मी बघतच बसले होते ना."

कुशाबांनी टाक पुसून ट्रंकेवर ठेवला. मग म्हणाले, "रघुला सांगा, सही करते, पण शेठनी स्वतः मूळ कागद घेऊन यायचं आणि चार माणसांसमोर दाखवायचा. रविवारी सकाळी. दीर आणि दत्ताराम दोघांनाही बोलवा."

पैशाचा वास लागला की सावकाराचे पाय दुखत नाहीत. रविवारी शामराव तीन जिने चढून आला. बगलेत छत्री, तोंडात विडा. मागे रघु. खोलीत दत्ताराम, शिवा आणि राधाबाई आधीच बसले होते. दत्तारामला नरे पार्कातल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला जायचं होतं, त्यामुळे तो सारखा उठबस करत होता.

"हे कोण?" कुशाबांकडे बघून शामरावने विचारलं.

"अर्ज लिहितो. बाईंना सही करायची आहे, म्हणून कागद बघायला आलोय."

"परवाना आहे हो माझ्याकडे. दुकानात फ्रेम करून लावलाय."

"असणारच. मी कागदच बघतो फक्त."

कुशाबांनी कागद खिडकीशी धरला. मग नाकाशी नेला. रघुला हसू आलं.

"रघु, तुमची शाईची डबी द्या जरा." कुशाबांनी पॅडवर स्वतःचा अंगठा टेकवून कोऱ्या कागदावर उठवला. ठसा जांभळा उमटला. "तुमची शाई ही. नेहमी हीच?"

"कायम. डबी खिशातच असते."

"मग या कागदावरचा ठसा काळा कसा? आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा तेलकट डाग कसला?"

रघुने शामरावकडे बघितलं. शामरावने विडा या गालातून त्या गालात घेतला. "जुनी गोष्ट. कुठली तरी शाई असेल."

"असेल. दत्तारामभाऊ, मयताच्या हाताचे अंगठे तुम्ही बांधलेत?"

"होय. मीच बांधलंय. दोनव अंगठे जवळ घेऊन सुताची गाठ मारलंय."

"किती वाजता?"

"आठ वाजले असतीत. तेंव्हा या घरात मी नि ही बायमाणसा, एवढीच."

"ती गाठ मध्ये कुणी सोडली?"

दत्ताराम दचकला. "सोडतलो कोण? आमच्यात मयताची गाठ सोडणत नाय. सुटली तर घरातला आणखी एक माणूस जाता. ती आगीनच सुटाक व्हयी."

"शिवा, तुमच्या घरात हे मानतात?"

शिवाने होकारार्थी मान हलवली.

"आता शेवटचं. शिवा, शेठकडे तुमचंही खातं होतं, मी चौकशी केलीय. किती रुपयांचं?"

शामरावच बोलला, "त्याचं काय इथे? ते बंद झालं."

"कधी बंद झालं?"

शामरावने छत्री मांडीवर घेतली. खाली टांगेवाला कुणाला तरी शिव्या घालत होता. कौसल्या दिराकडे बघत होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

कुशाबांनी कागद तिच्यासमोर धरला.

"बाई, नीट बघा. हा ठसा तुमच्या नवऱ्याचाच आहे, ते मी नाकारत नाही. सही शिकण्याआधीच्या गिरणीच्या रजिस्टरशी ताडला तर जुळेल, या भरवशावरच शेठ इथवर आलेत. पण या ठशाच्या डाव्या अंगाला हा दुसरा ठसा दिसतो? अर्धाच आहे, पण तोही अंगठाच. जिवंत माणूस अंगठा देतो तेव्हा एक हात पुढे करतो. दोन्ही अंगठे चिकटवून कुणी ठसा देत नाही. दोन अंगठे असे शेजारी-शेजारी केव्हा येतात?"

राधाबाईने पदर तोंडावर घेतला.

"बांधल्यावर," कौसल्या म्हणाली.

"बांधल्यावर. म्हणजे दिवाळीत नाही, राजाराम गेल्यावर हा ठसा घेतला. सही करणाऱ्याचा अंगठा का, त्याचं उत्तर हेच. मेलेला माणूस सही करत नाही. आणि ही शाईसुद्धा नाही. उशाशी दिवा होता, त्याची वात चिमटीने विझवली, ती तेलकट काजळी अंगठ्याला फासली. म्हणून दिवा विझलेला, म्हणून अंगठे काळे, म्हणून कागदाला अजून तेलाचा वास येतो."

"मग हे रघुचंच काम!" दत्ताराम उसळला. "हार घेवन इल्लो मेलो!"

"मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रघुच्या खिशात शाईची डबी असते. तो दिव्याची वात कशाला चोळेल? आणि तो तुमच्या गावचा नाही. दोन अंगठे अडचणीचे झाले असते तर त्याने सरळ दोरा तोडला असता. तुम्हीही नाही, दत्तारामभाऊ. तुम्हाला ठसा हवा असता तर गाठ मारायच्या आधीच घेतला असता. हे ज्याने केलं, तो गाठ बसल्यावर आला. त्याच्याकडे शाई नव्हती. मयताचा अंगठा विकायला तो तयार झाला, पण त्या गाठीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. नऊला निरोप मिळून रे रोडहून लालबागला यायला त्याला पाच तास लागले. वाटेत शेठचं दुकान आहे."

शिवाने वहिनीपुढे हात जोडले.

"खिशात तिरडीपुरतेही पैसे नव्हते, वहिनी. शेठकडे चाळीस मागायला गेलो. हे म्हणाले, आधीचे तीनशे आहेत ते कोण देणार? तुझ्या भावाला फंड मिळेल. या कागदावर त्याचा अंगठा आण, तुझं खातं फाडतो, वर चाळीस घे." त्याने तोंडावर हात घेतले. "त्याच चाळीसमध्ये दादाला नेलं."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात, असं कौसल्या लहानपणापासून ऐकत आली होती. त्यांतला एक पान चघळत समोर बसला होता, आणि तिला त्याचा रागही येत नव्हता.

शामरावने कागदावर झडप घातली. पण दत्ताराम दारात उभा राहिला, आणि गिरणीत वीस वर्षं माग ओढलेला माणूस दारात उभा राहिला की दार बंद झाल्यासारखंच असतं. रघुने डबी उचलून खिशात घातली आणि खाली बसला. सभेचं आता दत्तारामच्या ध्यानातही नव्हतं.

"बाई," कुशाबा हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर मिळालं. त्यांनी तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं. आता फिर्याद लिहायची तर शेठचं नाव येईल, रघुचं येईल. पण खरं लिहायचं तर शिवाचंही येईल. तो जेलात जाईल. तुम्ही सांगाल तसं करू."

शिवा तोंड झाकून बसला होता. कौसल्या उठून त्याच्यासमोर जाऊन बसली. त्या दिवशी तिने राजारामच्या तोंडात पाणी घातलं होतं, पायांवर डोकं ठेवलं होतं. हात मात्र धरले नव्हते. धाडसच झालं नव्हतं.

"भावोजी," ती म्हणाली, "हात गार होते का हो त्यांचे?"

शिवाने तिच्याकडे बघितलं.

"गार होते वहिनी. बरफासारखे. मला ते धरवत नव्हते."

मग कौसल्येला रडू आलं. राधाबाई धावत येऊन तिला धरून बसली, दत्तारामने दारातूनच तोंड फिरवलं, आणि ती तेरा दिवसांचं आणि वरच्या दिवसांचंही सगळं रडली. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि कुशाबांच्या बाजूला सरकली.

"लिहा," ती म्हणाली. "तिघांचीही नावं लिहा. खाली मी सही करते."