रिकाम्या गोठ्यातला पेंढा

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात, पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. गुरं गोठ्यातच बांधलेली असतात. त्यांच्या अंगाखाली ओल राहू नये म्हणून नानासो आणि त्याची बायको हरणाबाई रोज दिवेलागणीला भाताचा पेंढा कापत. कऱ्हाडहून आणलेलं हातयंत्र होतं. तो चाक फिरवायचा, ती पात्याकडं पेंढा सारायची. कापलेला पेंढा मग तीच गुरांखाली अंथरायची.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली आषाढात गुरांवर बुळकांडीची साथ आली आणि बघता बघता गोठा रिकामा झाला. सगळ्यांत शेवटी चांदी गाय गेली, हरणाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हरणाबाई पेंढ्याचा भारा घेऊन यंत्रापाशी बसली. नानासोनं पुष्कळ समजावलं. तिनं वाद घातला नाही. नुसती वाट बघत राहिली. अखेर त्याच्यानं ते बघवेना. त्यानं चाक फिरवलं. रिकाम्या दावणीसमोर पातं खर्र खर्र वाजत राहिलं...

सकाळी नानासो तिनं अंथरलेला पेंढा गोळा करायला गेला. दाराची कडी त्यानंच लावलेली होती. चांदीच्या जागी पेंढा दबला होता, गाय नुकती बसून उठावी तसा. त्यानं हात ठेवला. भिंती ओलीनं पाझरत होत्या, आणि पेंढा मात्र उबदार होता.

हरणाबाई दारात उभी होती.

"तू हितं येऊन निजलीवतीस का गं?"

"आवं न्हाई... मला भ्या वाटतंय हितं. पर तिला वल्यात कसं बसू द्यायचं?"

त्यानंतर पावसाळाभर त्यानं चाक फिरवायला कधी नाही म्हटलं नाही. अंधार पडायच्या आत काम उरकून दोघं बाहेर पडत, मागं न बघता.

दिवाळीनंतर हरणाबाईच्या भावानं एक कालवड दिली. आईपासून नुकतीच तोडलेली. वाटभर हंबरत आली. हरणाबाईनं तिला पाठीवर थोपटत आत नेलं, कोपऱ्यात बांधलं, खाली पेंढ्याचा जाड थर घातला. दिवस बुडाला आणि तिचं हंबरणं एकाएकी थांबलं. आत जाऊन बघायचा धीर दोघांनाही झाला नाही.

उजाडल्यावर नानासोनं दार उघडलं. कालवड डोळे मिटून निवांत बसली होती. तिच्या कपाळावरचे, जिथं गुराची आपली जीभ कधी पोचत नाही तिथले, केस ओले होते... कुणीतरी चाटून चाटून एका बाजूला बसवलेले.