सख्ख्या भावांचा अबोला

ते मोबाईल ठेवा आधी खाली. पटलं नाही तर खुशाल उठून जा, पण मधे खिदळायचं नाही.

माझ्या ओळखीतले दोघे सख्खे भाऊ, शिंपी. दुकान एक, मशिनं दोन आणि सहा वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. त्यांच्या बापाचं एका रात्री तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. "झोपू दे, सकाळी बघू," थोरला म्हणाला. सकाळी बघायला उरलं काय? तेव्हापासून धाकट्याने डूख धरला.

सात नोव्हेंबर, शुक्रवार. धाकटा कोटाची बटणं आणायला गेला होता. रात्री पावणेदहाला परतला, तर थोरला स्टुलावर बसलेला. धाकट्याकडे बघून अर्ध्याच तोंडाने हसला. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बापाला खाल्लंस, वर दात काढतोस?"

थोरला गप्प. तो रोजच गप्प, त्यात नवल कसलं? त्याच्या हातातली कात्री खाली पडली. धाकट्याला वाटलं, मुद्दाम आपटली.

"मर इथेच!" म्हणत त्याने दिवा मालवला.

अंधारात कोणीतरी खाकरलं.

तसा फक्त बाप खाकरायचा.

"हात वर करायला सांग त्याला."

धाकट्याने चाचपडत दिवा लावला. "दादा... हात वर कर."

एक हात वर गेला. दुसरा... लोंबतच राहिला.

"नाव विचार."

"दादा, नाव सांग ना तुझं..."

नुसती घरघर. शब्द नाही.

"मला झोपवलंत." आवाज अगदी कानाशी. "याला झोपवलंस... तर तुलाही नेईन."

धाकट्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई खेकसल्या, "कधी सुरू झालं हे? नक्की वेळ सांगा! मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांतच देता येतं."

काय सांगणार? त्याने दिवसभर भावाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो ढसाढसा रडायला लागला.

तेवढ्यात नर्सने थोरल्याला कुशीवर वळवलं. शर्टाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधे, खडूने लिहिलेलं होतं... ९.१०.

"नऊ दहाला झालं का हो?" तिने विचारलं. थोरल्याने मान डोलावली.

इंजेक्शन मिळालं. वाचला. आता दोघं दिवसभर कचाकचा भांडतात, म्हणजे सगळं ठीक आहे.

पण पाठीवर तिथे स्वतःचा हात पोचतो का? बघा करून. आणि दुकानात दुसरं कोणीच नव्हतं.

त्यातल्या नऊची शेपटी उलटी वळवलेली होती. तशी वळवायची खोड त्या घरात एकालाच होती.