शून्य फरक

नियंत्रण कक्षाच्या दारात रेमंड डाबरे काळ्या कोटाची बटणं लावत उभा होता. वर वसईचं नवं सभागृह भरत आलं होतं. वाद्यवृंद सूर जुळवत होता.

"मंगळावरून काही आलं?"

"रेमंडदादा, किती वेळा विचाराल?" यंत्रांसमोर बसलेली मृदुला खानोलकर म्हणाली. "दुपारचाच निरोप. घुमटातला हवेचा दाब जरा उतरलाय, दुरुस्ती चालू आहे, गाणं ठरल्याप्रमाणे. वहिनी ठीक असतील."

आजच्या सिंफनीच्या शेवटच्या भागात गाणारा अर्धा गायकवृंद इथे होता, अर्धा मंगळवस्तीवर. रेमंडची बायको मोनिका तिकडे होती, वस्तीच्या शाळेत शिकवायला गेलेली. दुपारपासून तिचा स्वतःचा निरोप नव्हता.

"मी गाताना कानात ती असते ना?"

"ती नाही, तिचा अंदाज. तिथून आवाज यायला पाव तास लागतो. तेवढं थांबून कुणी एकत्र गाईल का? म्हणून हे पूर्वस्वर यंत्र. तालमी ऐकून ते प्रत्येक जण पुढे कसा गाईल ते ठरवतं. तिकडेही असंच यंत्र आहे, त्यांना तुमचा अंदाज ऐकवतं."

"आणि खरा आवाज?"

"मागून येतो, पण अख्खा नाही. अंदाज दोन्हीकडे तोच, मग तो पाठवायचा कशाला? माणूस जिथे अंदाजापेक्षा वेगळा गायला, तेवढा फरकच पाठवायचा. इथे तो अंदाजात मिसळला की खरं गाणं तयार." तिने समोरची फळी दाखवली. मंगळावरच्या प्रत्येक गायकाच्या नावाखाली एक बारीक दिवा होता. "फरक आला की पेटतो."

"आणि माइक बिघडला तर?"

"फरक शून्य धरायचा. तुमच्याच मंडळींचा हट्ट. म्हणाले, समूहात एक अडला तर शेजारचा सांभाळून घेतो, ऐकणाऱ्याला भोक दिसता कामा नये."

रेमंड पहिल्यांदाच हसला. "मोनिकाचा दिवा जळून जाईल बघ. लांब सुरात सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो, नाहीतर सूर तुटतो. चर्चच्या कॉयरमध्ये ती माझ्या शेजारी उभी राहायची. कोपर मारायची, म्हणजे मी आता श्वास घेते, तू धरून ठेव. पण जागा रोज वेगळी! मुद्दाम. मला जागं ठेवायला म्हणे. तुझ्या यंत्राने तिचं काय केलं?"

"सरासरी काढली," मृदुला म्हणाली. "जा आता, घंटा झाली."

शेवटचा सूर लांबला. रेमंडच्या कानात मोनिकाने मधोमध श्वास घेतला. त्याने सूर धरून ठेवला, ती परत आली, मग त्याने घेतला. टाळ्या थांबेनात. तो मात्र गर्दीतून वाट काढत खाली धावला.

पाव तासाने मंगळावरून संकेत येऊ लागला. शेवटचा भाग आता खऱ्या आवाजांसह सभागृहात वाजू लागला. मृदुला फळीकडे पाहत होती. एकही दिवा पेटला नव्हता.

"दादा, बघा! यंत्र इतकं अचूक ठरेल असं वाटलं नव्हतं. सगळीकडे शून्य!"

रेमंड मोनिकाच्या दिव्याकडे बघत राहिला. लांब सूर सुरू झाला. आता लागेल. आता.

मोनिकाने अगदी मधोमध श्वास घेतला.

"मृदुला, तालमीत किती दिवे लागायचे गं?"

"सगळेच. माणसं आहेत ती, दोनदा सारखं कोण गातं? सारखे लुकलुकत..." ती बोलता बोलता थांबली. तिने घाईने एक कळ दाबली, मग दुसरी. "माइक बंद असतील."

"कुणाचे?"

मृदुलाने नावांवरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि काढून घेतलं.

"सगळ्यांचे?" रेमंडने विचारलं.

मृदुलाने घुमटाच्या दाबाचा दुपारचा निरोप पुन्हा उघडला.

वर लोक उभे राहून ओरडत होते, "वन्स मोअर! वन्स मोअर!" रेमंडने डावं कोपर अंगापासून थोडं दूर धरलं होतं, शेजारी कुणी उभं असल्यासारखं. भिंतीवरच्या कर्ण्यातून साऱ्या गायकवृंदाचा शेवटचा सूर येत होता. तो कुठेही तुटला नव्हता.