बारावं नाव

"बूट काढून या, देव सुकतायत इथं," पुतळी म्हणाली, पण वसुलीवाला बुटासकट आत शिरला, ओल्या गणपतींच्या फळीशेजारी पचकन थुंकला आणि तिच्या धाकट्या भावाचा, नितेशचा फोटो तिच्या नाकासमोर धरून म्हणाला, "हा चोर तुमचाच ना?" शिसारी आली पुतळीला... त्या थुंकीची, त्या माणसाची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भावाची.

रोह्याच्या कंपनीत कायम झाला आणि त्याला हप्त्यांची चटक लागली. मोबाईल हप्त्यावर, मोटारसायकल हप्त्यावर, बायकोच्या डोहाळजेवणाचा हॉलसुद्धा हप्त्यावर. ऋण काढून सण म्हणतात तो हाच! तीन वर्षं ते हप्ते पुतळीने भरले, पेणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखून. आणि हा लाज कोळून प्यायलेला सासुरवाडीत सांगायचा, "मी कुणाच्या उपकारात नाय." ते शब्द कानी पडले की तिच्या अंतःकरणात काहीतरी कुजल्यागत व्हायचं.

पुतळीजवळचेही पैसे संपले, हप्ते थकले आणि वसुलीवाले सोसेनात, तेव्हा नितेशने नादारीचा अर्ज करायचं ठरवलं. कर्ज झेपत नाही, हे कोर्टापुढे कबूल करायचं. रोह्याच्या वकीलबाईंनी सांगितलं, ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची नावं यादीत हवीत. त्याने अकरा लिहिली. पानवाल्याचंही होतं.

"माझं कुठं हाय?" शेजारी बसलेल्या पुतळीने विचारलं.

"घरातल्याचं कुणी लिवतं काय, ताय? तुला मी वेगळं देईन."

तिने वकीलबाईंकडे पाहिलं. "लिहिलं तर काय होईल?"

"सगळ्यांबरोबर रुपयामागे दोन-चार आणे मिळाले तर मिळाले, ताई. बाकीचं माफ होईल."

"होऊ दे माफ. लिही, नितेश."

"ताय, तुझंच बुडंल गो..."

"बुडू दे. तुझ्या पैशांची किळस येते मला. पण पानवाल्याचं ते देणं, नि माझं काय व्हतं? माझं तू घेतलंस, एवढं त्या कागदावर कबूल कर."

"कोर्ट विचारेल," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "पैसे आणलेत कुठून?"

"कमाईचेच व्हते. शेवटचे साठ हजार मोतीबिंदूसाठी ठेवलेले, दोन्ही डोळ्यांच्या. आता आखणी अंदाजानंच करते."

नितेशने पेन खाली ठेवलं. तो तिच्या पायांशी वाकला, तशी ती पाय मागे घेऊन म्हणाली, "पाया नको पडू. आधी लिही."

त्याने लिहिलं. तिला अक्षरं दिसेनात, म्हणून त्यालाच वाचायला लावलं.

"बारा. पुतळी पाटील... नातं, बहीण..."

"मोठ्यानं वाच. बाहेर तुझी सासरची माणसं बसल्यात, त्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याला हुंदका आवरेना, शब्द तोंडातच विरघळले... आणि तेव्हा कुठे पुतळीने चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.